शफी बत्तीवाल्याची सुतळी

चंद्रभागाबाई चांदवडकर नाशकात गायला येणार, ही बातमी सगळ्यात आधी माझ्या पानाच्या दुकानावर आली. ती आणणारा माणूस मात्र गाण्यातला मुळीच नव्हता. उत्सव मंडळाचा कारभारी मोतीराम. गाणं आणि गोंगाट यांतला फरक त्याला एवढाच ठाऊक, की गाण्याला हारतुरे लागतात. त्यानं गुलाबी हँडबिल माझ्या फळीला खळीनं चिकटवलं, एक पान फुकट तोंडात कोंबलं आणि पुढं गेला.

हँडबिलावर चैत्रातल्या तीन बैठका छापल्या होत्या. सराफ बाजारात एका पेढीवाल्याच्या चौकात सतार, मेन रोडवरच्या थिएटरात नाटकातली पदं, आणि रामनवमी झाल्यावर पंचवटीत, गंगेच्या वाळवंटात मंडप घालून चंद्रभागाबाईंचं गाणं. गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो, आणि आम्हाला गाण्यातलंही फार कळतं असं आम्हीच म्हणतो. ते साल छत्तीस. ट्राम बंद पडून गेली होती, टांगेवाले माजले होते, आणि वीज अजून मोजक्याच ठिकाणी पोचली होती. बाकी सगळ्या गावाचा रात्रीचा उजेड माझ्या शेजारच्या दुकानातून जायचा.

ते दुकान शफीचं. लग्न, उरूस, तमाशा, कीर्तन, काहीही असो, गॅसबत्त्या शफीच्या. हँडबिल पाहून तो हात पुसत आला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यानं परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. मी वैतागलो.

"शफीभाई, आता काय गाऊन दाखवू?"

तो हसला नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "चंद्रभागाबाईच ना? नक्की?" मला वाटलं, आनंदानं खुळावला. कारण या बाईंची वाट तो किती काळ बघत होता ते मला माहीत होतं. दुकान उघडताना आणि बंद करताना, पान घेताना आणि न घेताना, शफीनं ती गोष्ट मला इतक्या वेळा ऐकवली होती की झोपेतही सांगू शकलो असतो.

गोष्ट अशी. शफी मिसरूड फुटायच्या वयाचा असताना चांदवडला एका लग्नात बत्त्या घेऊन गेला होता. चंद्रभागाबाई तेव्हा तरुण, नाव व्हायचं होतं. गाणं रंगलं आणि शफीची बत्ती विझली. वऱ्हाडी ओरडले, कुणी शिवी दिली, कुणी पायातलं काढून उगारलं. घाईत शफीची काडी लागेना. तेव्हा बाई गायच्या थांबल्या. तंबोरेवाल्यांनाही थांबवलं आणि म्हणाल्या, "घाई करू नका त्याला. बत्ती लागू दे." सगळं वऱ्हाड गप्प बसून राहिलं. बत्ती लागली, आणि बाईंनी जिथं सोडलं होतं तिथूनच सूर उचलला. "माझ्यासाठी कोण कधी थांबलंय, गोरखभाऊ?" शफी म्हणायचा. "बाप नाय थांबला, मास्तर नाय थांबला. बाई थांबली." तेव्हापासून त्याला गाण्याचं वेड लागलं, आणि बाई मुंबई-इंदूरकडे गेल्या त्या इकडं फिरकल्याच नाहीत.

आता त्याचं काम कसं चालायचं ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. गॅसबत्तीत खाली रॉकेलची टाकी असते, तिला पंप मारून हवा भरायची, वर कापडाची जाळी पांढरीशुभ्र पेटते. हवा कमी झाली की बत्ती लाल पडते. वेळेवर कुणी बघितलं नाही तर कधीकधी भडकतेसुद्धा, आणि वर मंडपाचं कापड असतं. म्हणून बत्तीवाले बत्त्यांकडे डोळे लावून बसतात. शफी मात्र बत्त्यांकडे पाठ करून, गाणाऱ्याकडे तोंड करून बसायचा. पेटलेली बत्ती सूं असा आवाज करते. हवा कमी झाली की तो आवाज उतरतो, हे त्याला मागं न बघता कळायचं. "बत्ती बोलते, बघायची काय गरज?" असं तो मिजाशीत म्हणायचा. एक कान बत्तीकडे आणि एक गाण्याकडे ठेवून त्यानं नाशकातली एकूण एक बैठक ऐकली होती, आणि तीही थेट व्यासपीठाला टेकून. तिथं बसायचा मान एक शेठजींचा, नाहीतर बत्तीवाल्याचा. बाकी तिकिटवाले मागं.

पहिली बैठक पेढीवाल्याच्या चौकातली. मी विड्यांची तबकं घेऊन कडेला उभा होतो. सतार छान चालली होती, आणि शफीच्या मागची बत्ती लाल पडत गेली. मला वाटलं, उठेल आता. उठला नाही. बत्ती फुरफुरली, पिवळा जाळ काचेबाहेर आला, काजळी छताला लागली. मी हाक मारली. परत मारली. शफी आपला मान डोलवतोय. शेवटी तबक टाकून धावलो आणि त्याचा खांदा धरून हलवला. तो असा दचकला की मीच घाबरलो. त्यानं उडी मारून बत्तीची हवा सोडली, जाळ बसला. छताला हातभर काळा डाग पडला, एवढ्यावरच निभावलं.

मोतीरामानं सगळ्यांदेखत त्याची खरडपट्टी काढली. "झोपला होतास काय रे? वाळवंटातल्या मंडपाला कापड केवढं आहे माहितीये? पुन्हा असं झालं तर देवळालीचा बत्तीवाला आणीन."

दुसऱ्या दिवशी शफी दुकानात काच पुसत बसला होता. मी हळूच त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "शफीभाई, दुकानाला आग लागली."

तो काच पुसत राहिला.

मी समोर जाऊन बसलो. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं. त्यानं फडकं बाजूला ठेवलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "कानात बत्ती लागलीय, गोरखभाऊ. रात्रंदिवस सूं चालू. आधी मी रात्री उठून दुकानात येऊन बघायचो, कुठली विझवायची राहिली म्हणून. सगळ्या थंड."

"काहीच ऐकू येत नाही?"

"समोरून बोललात तर तोंडावरून कळतं. जवळून खालचा सूर येतो. वरचा त्या सूंमध्ये शिरतो आणि परत येत नाही. हकीम म्हणतो, अजून थोडे दिवस, मग सगळंच बंद."

मी अगदी शहाण्यासारखा सल्ला दिला. म्हटलं, बत्त्यांकडे तोंड करून बस, डोळ्यानं बघ, कोण मारतंय? त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझीच मला लाज वाटली. बाईंकडे पाठ केली तर तोंड दिसणार नाही, आणि तोंड दिसलं नाही तर त्याला उरलेलंही ऐकू येणार नव्हतं. काम सोडून तिकीट काढावं तर जागा मागं. थिएटरातल्या दुसऱ्या बैठकीला त्यानं तेही करून बघितलं. तिथं विजेचे दिवे, बत्तीचं काम नव्हतं. शेवटच्या रांगेत जाऊन बसला. मध्यंतराच्या आधीच बाहेर येऊन पायरीवर बसलेला मला दिसला. "ढिम्म," एवढंच म्हणाला. मला त्या क्षणी सगळ्या शेठजींचा, त्यांच्या गाद्यांचा आणि तक्क्यांचा असा राग आला की सांगता सोय नाही. निम्मे तर घोरायलाच येतात.

म्हणजे एकच वाट. मोतीरामाला कळू न देता शफीनंच वाळवंटातल्या बत्त्या लावायच्या. पण बत्त्या राखणार कोण? हा प्रश्न घेऊन आम्ही दोघं बसलो होतो आणि आतून शफीची बायको गुलजारबी बाहेर आली. ती दिवसभर मागच्या खोलीत जाळ्या बांधायची आणि बत्त्या साफ करायची. गाण्याचं नाव काढलं तर म्हणायची, एकच शब्द शंभरदा म्हणतात, आपल्याला नाही बाई कळत.

"भाभी, तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी घरात राहते, गोरखभाऊ," ती म्हणाली. "दूध उतू गेल्याचा आवाज येत नाही याला, बोंबलते मी, तरी येत नाही. मला काय सांगायला लागतं?" मग नवऱ्यासमोर उभी राहून, तोंड नीट दिसेल असं म्हणाली, "मी येते मंडपात. बायकांच्या चिकाच्या पडद्यामागं बसते. तू चिकाला टेकून बस. सुतळी बांधू मनगटाला. एकदा ओढली तर डावीकडच्या बत्त्या बघ, दोनदा ओढली तर उजवीकडच्या."

मी म्हटलं, "भाभी, रात्रभर गाणं ऐकावं लागेल हो."

"मी कशाला ऐकते? मी बत्त्या ऐकीन."

आमचं ठरलं आणि चारच दिवसांत मोतीराम दुकानात उगवला. सराफ बाजारातली गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. शफी बहिरा झालाय, असे कुणीतरी त्याचे कानही भरले होते. शफी दाराकडे पाठ करून जाळी बांधत होता. मोतीरामानं मागूनच विचारलं, "काय शफी, मंडपाला बत्त्या किती लावतोस?"

शफी हलला नाही. माझा जीव खालीवर. तेवढ्यात गुलजारबीनं शफी बसला होता त्या बाकड्याला आतून लाथ घातली. तो वळला. पण वळून उपयोग काय? मोतीरामाच्या तोंडात पान, तेही माझंच! गाल फुगलेला, ओठ मिटलेले. तो जे पुटपुटला ते मला कान असून कळलं नाही, तर शफीला काय दिसणार? शफीच्या कपाळावर घाम आला. मोतीरामाचे डोळे बारीक झाले.

"आठ लावतोय कारभारी," गुलजारबी म्हणाली.

"तुला नाही, त्याला विचारतोय."

"मग आधी तोंडातलं थुंका," ती कडाडली. "माझ्या पांढऱ्या जाळ्यांवर लाल शिंतोडे उडतायत. जाळी डागली तर मंडपात उजेड काय तुमच्या दातांचा पडणार?"

मी मोठ्यानं हसलो. मोतीराम ओशाळला, बाहेर जाऊन पिंक टाकून आला आणि स्वच्छ तोंडानं शफीला तोच प्रश्न विचारला. शफीनं ओठ वाचले आणि शांतपणे सांगितलं, "आठ. व्यासपीठाला दोन, बाकी खांबांना." मोतीराम गेला. जाताना म्हणाला, "लक्ष ठेवून आहे मी." आमचा जीव भांड्यात पडला, पण तळाला नाही लागला. मंडपाचं कापड खरंच फार होतं. काही झालं असतं तर शफीचं जे व्हायचं ते झालंच असतं, पण गर्दीचं काय? मला त्या दिवसांत नीट झोप आली नाही. चुन्याचा हात चुकायला लागला. गिऱ्हाइकांची तोंडं पोळली आणि शिव्या मी खाल्ल्या.

चंद्रभागाबाई नाशिकरोडला उतरून टांग्यानं आल्या. केस पांढरे झाले होते, पण चाल ताठ. शफी मंडपाच्या तोंडाशी हातातली बत्ती खाली ठेवून उभा राहिला आणि त्यानं सलाम केला. बाईंनी मान हलवली आणि पुढं गेल्या. ओळखायचं कारणच नव्हतं. तरी मला वाईट वाटलं. शफीला नाही वाटलं. तो मनगटावरची सुतळी बाहीखाली सारत होता.

गाणं सुरू झालं. शफी व्यासपीठाच्या बाजूला वाळूत बसलेला, पाठ बायकांच्या चिकाला. मी पलीकडे तबकं घेऊन. माझं लक्ष गाण्याकडं कमी आणि त्या सुतळीकडं जास्त. ती एकदा ताणली. शफी उठला, डावीकडची बत्ती पंप मारून आला, बसला. थोड्या वेळानं दोनदा ताणली. उजवीकडे गेला, आला. मोतीराम खांबाशी हाताची घडी घालून उभा होता, त्याच्या घडीची गाठ सैल झालेली मी बघितली. मला हायसं वाटलं. शफी बाईंच्या तोंडाकडं असं बघत होता की पापणी हलत नव्हती. सूर खाली असला की त्याचा चेहरा उजळायचा. बाई वर निघाल्या की तो पुढं झुकायचा, आणखी झुकायचा, आणि मग त्याचा चेहरा नुसता थांबून राहायचा. त्याला तिथं काहीच येत नव्हतं. मला ते बघवेना.

आणि मग बाईंनी ते केलं. काय केलं ते मी सांगू शकत नाही. मी पानवाला. खालून निघाल्या, सावकाश, एकेका सुराला हात लावत, आणि वर गेल्या, आणि वर, आणि तिथं थांबल्या. सगळा मंडप श्वास धरून बसला. मी सुतळी विसरलो. मोतीराम घडी विसरला.

उजवीकडची बत्ती लाल पडली होती, हे कुणी पाहिलंच नाही. भकदिशी भडकली तेव्हा बायका किंचाळल्या. बाई सूर अर्धा सोडून थांबल्या.

शफी त्यांच्या तोंडाकडंच बघत होता. तोंड मिटलेलं त्याला दिसलं, पण का मिटलं ते कळलं नाही. त्यानं मला नंतर सांगितलं, की त्याला वाटलं, गेले. उरलेसुरले कानही आत्ता, याच घडीला गेले. मग सगळ्यांचे डोळे उजवीकडे लागलेले त्याला दिसले आणि तो वळला. जाळ कापडाच्या झालरीला टेकायच्या बेतात होता. शफी धावला, उघड्या हातानं तापलेली चावी फिरवून हवा सोडली, ओलं पोतं टाकलं. जाळ विझला. झालर तेवढी करपली.

"बहिरा आहे हा!" मोतीराम ओरडला. "बहिऱ्यानं मंडप पेटवला असता! हाकला त्याला!" चारपाच जण उठले. शफीला शब्द ऐकू आले नाहीत, पण चेहरे त्याला चांगले वाचता यायचे. तो खाली मान घालून, पोळलेल्या बोटांनी बत्तीत स्पिरिट ओतत होता. काडी लागेना.

"बसा," चंद्रभागाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "घाई करू नका त्याला. बत्ती लागू दे."

उठलेले बसले. सगळा मंडप गप्प. गंगेचं पाणी दगडांवरून जाताना ऐकू येत होतं. शफीनं वर बघितलं तेव्हा बाईंचं बोलून झालं होतं, म्हणून मी त्याच्यासमोर जाऊन, ओठ मोठे करून, त्याला तेच शब्द सांगितले. त्याचे डोळे भरून आले. काडी लागली, जाळी पांढरी झाली, आणि बाईंनी सोडलेला सूर तिथूनच उचलला. तो वरचा होता.

उजाडायला लागलं तेव्हा मंडप रिकामा झाला होता. करपलेली झालर बघून मोतीरामानं शफीला सांगून टाकलं होतं, की यापुढं मंडळाची एकही बत्ती तुझी नाही. त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. शफी वाळूत बसून काचा उतरवत होता. गुलजारबी चिकाच्या मागून आली ती रडतच. सुतळीचं टोक अजून तिच्या मुठीत होतं.

"माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुझं काम गेलं."

"सुतळी सुटली का हातातून?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बत्ती दिसत नव्हती?"

"समोरच होती. लाल होताना बघत होते मी. पण ती बाई वर गेली ना..." गुलजारबीनं पदरानं डोळे पुसले. "हात हललाच नाही माझा. बत्ती आहे, तू आहेस, काही राहिलं नाही डोक्यात."

मला वाटलं, आता शफी भडकणार. आयुष्यभराची वाट पाहणं, पोळलेला हात, गेलेलं काम. पण त्यानं हातातली काच वाळूवर ठेवली. तो बायकोकडं असा बघत होता, जसं तिला पहिल्यांदाच बघतोय.

"तू?" तो म्हणाला. "तू विसरलीस? एवढं झालं गाणं?"

तिनं मान हलवली.

शफीनं मनगटावरची गाठ सोडली, सुतळी गुंडाळून बाजूला ठेवली आणि तिचा हात धरून तिला आपल्यासमोर वाळूत बसवलं.

"मग सांग," तो म्हणाला. "कुठं भान गेलं, तिथून सांग. सावकाश, माझ्याकडं तोंड करून."